डॉ. डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स : आघाताच्या आठवणींवर बोलून उपचार करणारे डॉक्टर

एखाद्या भयंकर प्रसंगानंतर काही जणांना महिनोन्‌महिने झोप लागत नाही. लागलीच तर तोच प्रसंग स्वप्नात दिसतो. दार जोरात आपटले तरी छाती धडधडते. घरची माणसे प्रेमापोटी एकच सल्ला देतात, की झाले ते विसरून जावे. हा सल्ला बहुतेकांना का लागू पडत नाही, हे शंभर वर्षांपूर्वी आपल्या रुग्णांच्या नोंदींतून दाखवून देणारे डॉक्टर म्हणजे विल्यम हॉल्स रिव्हर्स रिव्हर्स. (आडनाव दोनदा आले आहे ती छपाईची चूक नव्हे. त्यांचे नावच तसे होते.)

आज आघातावर दोन-तीन आठवड्यांत दिले जाणारे सघन उपचार उपलब्ध आहेत. काही ठिकाणी रुग्णाची इच्छा असेल तर त्याच्या श्रद्धेलाही त्यात जागा दिली जाते. या दोन्ही गोष्टींमागचे प्रश्न रिव्हर्स यांच्या आयुष्यात आधीच येऊन गेले होते.

बालपण आणि शिक्षण

रिव्हर्स यांचा जन्म १२ मार्च १८६४ रोजी इंग्लंडमधील केंट परगण्यात झाला. वडील चर्च ऑफ इंग्लंडचे धर्मोपदेशक होते आणि तोतरेपणावर उपचारही करत. गंमत अशी, की मुलगा स्वतः तोतरा होता आणि ते तोतरेपण आयुष्यभर टिकले. सोळाव्या वर्षी विषमज्वर झाल्याने केंब्रिजच्या शिष्यवृत्तीची परीक्षा हुकली. मग त्यांनी लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात वैद्यकीय शिक्षण घेतले आणि १८८६ मध्ये, वयाच्या २२ व्या वर्षी, ते डॉक्टर झाले. काही काळ जहाजावर डॉक्टर म्हणून, नंतर मज्जासंस्थेच्या रुग्णालयात आणि पुढे केंब्रिज विद्यापीठात अध्यापन, असा त्यांचा प्रवास झाला.

१९०३ मध्ये डॉ. हेन्री हेड यांनी स्वतःच्या हातातील एक मज्जातंतू शस्त्रक्रियेने कापून घेतला. तो पुन्हा जुळताना संवेदना कशी परत येते, याची तपासणी रिव्हर्स यांनी पुढची चार वर्षे चिकाटीने केली. एकाच माणसाचे म्हणणे इतका काळ बारकाईने ऐकून घेण्याची ही सवय त्यांना पुढे फार उपयोगी पडली, असे मला वाटते.

निलगिरीतले काही महिने

१८९८ मध्ये ते टॉरेस सामुद्रधुनीतील बेटांवर गेलेल्या केंब्रिजच्या मोहिमेत सामील झाले आणि तिथून त्यांना मानववंशशास्त्राची ओढ लागली. १९०१-०२ मध्ये ते भारतात आले आणि निलगिरीच्या डोंगरांत तोडा लोकांमध्ये राहिले. तोडांचे धर्मजीवन म्हशी आणि दूध यांच्याभोवती गुंफलेले. पवित्र म्हशींच्या दुधाची जागा म्हणजेच त्यांचे देऊळ. रिव्हर्स यांनी हे विधी तपशीलवार लिहून घेतले. त्याच काळात, त्यांना गुप्त गोष्टी सांगणाऱ्या काही जणांवर पाठोपाठ संकटे आली. लोकांनी त्याचा संबंध देवांच्या कोपाशी जोडला आणि पुढे माहिती द्यायला माणसे कचरू लागली.

दुसऱ्या एखाद्या गोऱ्या साहेबाने याला अडाणीपणा म्हणून सोडून दिले असते. रिव्हर्स यांनी तसे केले नाही. पुढे मेलानेशियातील बेटांवरही त्यांनी आजार आणि उपचार यांविषयीच्या समजुती गोळा केल्या. १९१५ आणि १९१६ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये दिलेल्या व्याख्यानांत त्यांनी मांडले, की अनेक समाजांत औषध, जादू आणि धर्म वेगळे काढताच येत नाहीत. आजार कशामुळे होतो याबद्दल त्या लोकांची जी धारणा असते, तिच्याशी त्यांचे उपचार तर्काने जुळणारे असतात. म्हणजे उपचार समजून घ्यायचा तर आधी रुग्ण आपल्या दुखण्याचा अर्थ काय लावतो, ते समजून घ्यावे लागते.

शेल शॉक

ही व्याख्याने चालू होती तेव्हा युरोपात पहिले महायुद्ध पेटलेले होते. आघाडीवरून असे सैनिक परत येत होते, ज्यांच्या शरीरावर जखम नव्हती, पण कुणाची वाचा गेली होती, कुणाचे पाय चालत नव्हते, कुणी रात्रभर किंचाळत होता. तोफगोळ्यांच्या धक्क्याने मेंदूला इजा होते या कल्पनेवरून याला शेल शॉक म्हणू लागले. कित्येक वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या मते हा निव्वळ भित्रेपणा होता. लंडनच्या एका रुग्णालयात डॉ. लुईस येलँड मुक्या झालेल्या सैनिकांच्या घशाला विजेचे झटके देऊन त्यांना बोलते करत. तोही झटपट उपचारच होता, आणि वाचा खरोखर परत येई. मात्र त्या माणसाच्या रात्री कशा जात होत्या, हा प्रश्न तिथे विचारला जात नव्हता.

रिव्हर्स आधी लिव्हरपूलजवळच्या मॅगल लष्करी रुग्णालयात आणि १९१६ पासून स्कॉटलंडमध्ये एडिंबरोजवळच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात काम करू लागले. क्रेगलॉकहार्ट केवळ अधिकाऱ्यांसाठी होते. तिथे येणाऱ्या बहुतेकांना आधीच्या डॉक्टरांनी सांगितलेले असे, की युद्धाचा विचार मनातून काढून टाकावा, चांगल्या गोष्टी आठवाव्यात, खेळात मन रमवावे. ते बिचारे दिवसभर हेच करत. रात्री मात्र ताबा सुटे आणि दडपलेले सगळे स्वप्नांत उसळून येई. रिव्हर्स यांचा निष्कर्ष असा होता, की आघाताइतकाच त्रास तो सतत दाबून ठेवण्याच्या धडपडीतून होतो.

त्यांच्या एका रुग्णाची गोष्ट सांगायलाच हवी. हा तरुण अधिकारी आपल्या मित्राला शोधायला गेला तेव्हा त्याला मित्राच्या देहाचे तुकडे विखुरलेले दिसले. तेव्हापासून तोच छिन्नविच्छिन्न मित्र रोज स्वप्नात त्याच्याकडे येई आणि हा घामाने डबडबून जागा होई. रिव्हर्स यांनी त्याला तो प्रसंग बाजूला न सारता नीट आठवायला लावले. मग त्यातलीच एक गोष्ट त्याच्या ध्यानात आणून दिली. देहाची तशी अवस्था झाली, याचाच अर्थ मृत्यू क्षणार्धात आला होता. इतर अनेक जखमींसारखे मित्राला तासन्‌तास तळमळावे लागले नव्हते. रुग्णाचा चेहरा उजळला. पुढे काही रात्री स्वप्नच पडले नाही. नंतर पडले त्यात तो मित्राच्या देहाशेजारी गुडघे टेकून, घरच्यांना पाठवण्यासाठी त्याच्या वस्तू काढून घेत होता. जाग आली तेव्हा तो रडत होता. भीती नव्हती, फक्त मित्र गेल्याचे दुःख होते.

रिव्हर्स यांनी त्याला स्वर्गाचे किंवा दैवाचे सांत्वन दिले नाही, खोटा धीरही दिला नाही. जे घडले होते त्यातूनच सोसता येईल अशी बाजू शोधली. हाच रुग्ण श्रद्धाळू असता आणि मित्र देवाघरी सुखात आहे असे त्याने स्वतःहून म्हटले असते, तर डॉक्टरांनी ते खोडून काढायचे कारण नव्हते. पण तो अर्थ रुग्णाकडून यायला हवा. आजच्या उपचारांत श्रद्धेचा भाग ऐच्छिक ठेवतात तो यासाठीच. ज्याला नामस्मरणाने किंवा प्रार्थनेने बळ मिळते त्याने ते जरूर करावे. ज्याचा देवावरचा विश्वासच त्या प्रसंगात उडाला आहे, त्याच्यावर प्रार्थना लादली तर जखम आणखी चिघळते.

संमोहनाचा वापर रिव्हर्स यांना फारसा पसंत नव्हता. डॉक्टरांच्या सूचनेने आलेला आराम रुग्णाला परावलंबी करतो आणि मनातली फूट वाढवतो, असे त्यांचे मत होते. फ्रॉइड यांची अबोध मनाची कल्पना त्यांनी स्वीकारली, पण प्रत्येक मनोविकाराचे मूळ लैंगिकतेत असते हे अमान्य केले. रुग्णांनी दिवसरात्र युद्धाचाच विचार करत बसावे, असेही त्यांनी कधी सांगितले नाही. आठवणीला सामोरे जायचे, पण बेताने.

आणि हा उपचार सर्वांना लागू पडला, असेही नाही. स्फोटाने फेकला गेलेला एक अधिकारी कित्येक दिवस कुजलेल्या प्रेतावर तोंडावर आदळला होता. त्या आठवणीत सोसण्याजोगी एकही बाजू रिव्हर्स यांना सापडली नाही. रुग्णाला बरे वाटे ते फक्त युद्धापासून दूर, खेडेगावात. अखेर त्याने सैन्य सोडावे हेच त्यांनी योग्य मानले. हे अपयश त्यांनी डिसेंबर १९१७ मध्ये रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनपुढे वाचलेल्या निबंधात उघडपणे मांडले आणि १९१८ मध्ये लॅन्सेटमध्ये छापले. डॉक्टर म्हणून मला त्यांच्या यशस्वी रुग्णांइतकीच ही नोंद मोलाची वाटते.

बरे करून कुठे पाठवायचे?

जुलै १९१७ मध्ये कवी सीगफ्रीड ससून क्रेगलॉकहार्टला आले. शौर्यपदक मिळवलेल्या या अधिकाऱ्याने युद्ध विनाकारण लांबवले जात असल्याचे जाहीर पत्रक काढले होते. कोर्ट मार्शल टाळण्यासाठी त्यांना रुग्ण ठरवण्यात आले. रिव्हर्स यांना त्यांच्यात आजार असा दिसेना. तरीही लष्करी डॉक्टर म्हणून माणसाला पुन्हा लढायला तयार करणे हे त्यांचे काम होते. हा पेच त्यांनाही सतावत होता. तो त्यांच्या एका स्वप्नात उमटला आणि ते स्वप्न त्यांनी नंतर स्वतःच्याच पुस्तकात तपासले. नोव्हेंबरमध्ये ससून स्वेच्छेने सैन्यात परतले. १९१८ च्या जुलैमध्ये त्यांच्या डोक्याला गोळी लागली, पण ते वाचले. त्याच रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरांकडे उपचार घेतलेले कवी विल्फ्रेड ओवेनही आघाडीवर परतले आणि ४ नोव्हेंबर १९१८ रोजी, युद्ध थांबायच्या एक आठवडा आधी, मारले गेले.

आजचे उपचार रिव्हर्स यांच्या पद्धतीपेक्षा बरेच शिस्तबद्ध आहेत. डॉ. एड्ना फोआ यांनी विकसित केलेल्या पद्धतीत रुग्ण तो प्रसंग तज्ज्ञासमोर पुन्हा पुन्हा सांगतो आणि टाळलेल्या जागी हळूहळू जायला शिकतो. अमेरिकन सैनिकांवरील २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशी १० सत्रे दोन आठवड्यांत दिली, तरी ती आठ आठवड्यांत देण्याइतकीच उपयोगी ठरली. मात्र हे घरच्या घरी करून पाहण्यासारखे नाही. आघातानंतरचा त्रास एक महिन्याहून जास्त टिकला, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. सरकारच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावरही मोफत बोलता येते.

युद्धानंतर रिव्हर्स केंब्रिजला परतले. पूर्वी अबोल असलेले हे प्राध्यापक आता विद्यार्थ्यांत मोकळेपणाने मिसळू लागले. १९२२ मध्ये मजूर पक्षातर्फे संसदेची निवडणूक लढवायचे त्यांनी ठरवले होते. पण जूनच्या सुरुवातीला हर्नियात आतडे अडकून त्याचा रक्तपुरवठा बंद पडला आणि ४ जूनला, ५८ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. औषध, जादू आणि धर्म यांवरची त्यांची व्याख्याने १९२४ मध्ये पुस्तकरूपाने आली. ससून यांनी पुढे आपल्या आठवणी कादंबरीच्या रूपात लिहिल्या. त्यात स्वतःसकट इतरांची नावे बदलली. रिव्हर्स यांचे नाव मात्र आहे तसेच ठेवले.