ज्याने घराघरात समुद्र पोहोचवला, त्याच्याच डोळ्यांदेखत किनारे ओस पडले

खाऱ्या पाण्याचा फिश टँक घरी आणला की पहिले काही दिवस मजेत जातात. मग काचेवर हिरवट थर चढतो आणि माणूस दुकानात जाऊन विचारतो, शेवाळ खाणारा मासा कुठला?

साधारण १७० वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या फिलिप हेन्री गॉसपुढे हीच अडचण होती. 'अक्वेरियम' हा शब्द लोकांच्या तोंडी बसवला तो यानेच.

गॉसचा जन्म १८१० चा. वडील गावोगाव फिरून छोटी व्यक्तिचित्रं काढायचे, घरची परिस्थिती बेताची. १७ व्या वर्षी तो कारकुनी करायला थेट न्यूफाउंडलंडला गेला. पुढे कॅनडात शेती केली, अलाबामात शाळेत शिकवलं, जमैकात पक्ष्यांचा अभ्यास केला.

१८५२ मध्ये तब्येत बिघडली म्हणून तो डेव्हनच्या किनाऱ्यावर राहायला गेला. ओहोटीच्या वेळी खडकातल्या डबक्यांमधले जीव तो भांड्यात आणून ठेवायचा. पण पाणी लगेच खराब व्हायचं. मग त्याने पाण्यात समुद्री वनस्पती ठेवल्या. त्यांनी सोडलेल्या ऑक्सिजनवर जीव तगले. लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांचेही त्याच सुमारास असेच प्रयोग चालू होते.

१८५३ मध्ये लंडन झूमध्ये मत्स्यालय उघडलं, त्यासाठी गॉसने समुद्री जीव पुरवले. १८५४ मध्ये त्याचं 'द अक्वेरियम' हे पुस्तक आलं.

आता गंमत बघा. वनस्पतींना उजेड लागतो आणि उजेड आला की काचेवर शेवाळही येतं. यावर गॉसचा उपाय मासा नव्हता, तर पेरिविंकल नावाची छोटी समुद्री गोगलगाय होती. तिच्या जिभेवर बारीक दातांच्या रांगा असतात. विळ्याने गवत कापावं तसं ती काचेवरचं शेवाळ साफ करते, हे त्याने भिंगातून पाहिलं.

पुस्तक तुफान गाजलं आणि तिथेच घोळ झाला. घरोघरी टँक आले. लोक हातोड्या, छिन्न्या आणि बरण्या घेऊन किनाऱ्यावर तुटून पडले. १८५७ मध्ये गॉसची पत्नी एमिली कॅन्सरने गेली. त्याच वर्षी तो डेव्हनला कायमचा राहायला आला, पण ती भरलेली डबकी बघता बघता रिकामी होत गेली. १८८८ मध्ये तो वारला. आपल्याच पुस्तकांमुळे हे घडलं याचं वडिलांना फार वाईट वाटायचं, असं मुलगा एडमंडने १९०७ च्या 'फादर अँड सन' या पुस्तकात नोंदवून ठेवलंय.

आज दुकानात पर्याय भरपूर आहेत. लॉनमोवर ब्लेनी हा छोटा मासा खडकावरचा आणि काचेवरचा पातळ थर खरवडतो. टँग तंतूसारखं शेवाळ खातो, पण त्याला पोहायला लांब, मोठा टँक लागतो. टँकमधलं शेवाळ संपलं की दोघांनाही वरून खाणं द्यावं लागतं, नाहीतर ते उपाशी मरतात.

पूर्वी हवाईच्या समुद्रातून पकडला जाणारा पिवळा टँग २०१५ मध्ये पहिल्यांदा टाकीत जन्माला घालून वाढवण्यात यश आलं. म्हणून मासा घेताना तो शेवाळ खातो का, एवढंच विचारू नका. तो समुद्रातून पकडलाय की टाकीत वाढवलाय, हेही विचारा.