खुर्ची सोडणारे अर्थमंत्री

धैर्य म्हटले की आम्हा कॅडेटना सीमेवरचा जवान आठवतो. मला मात्र आकड्यांत रमणारे चिंतामणराव देशमुखही आठवतात.

त्यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी रायगड जिल्ह्यातल्या नाते गावी झाला. १९१२ साली मॅट्रिकला त्यांनी संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली. पुढे केंब्रिजला शिकून १९१८ साली ते आय.सी.एस. परीक्षेत पहिले आले. १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. फाळणीनंतर जून १९४८ पर्यंत हीच बँक पाकिस्तानचेही काम पाहत होती. दोन देशांत वाटणी चाललेली आणि तिजोरी सांभाळणारे हे एक!

१९५० साली ते देशाचे अर्थमंत्री झाले. पहिली पंचवार्षिक योजना त्यांच्याच काळात सुरू झाली. तेव्हा बँका शहरांत आणि शेतकरी सावकाराच्या दारात, अशी स्थिती होती. म्हणून सरकारने इंपीरियल बँक ताब्यात घेतली आणि नव्या बँकेने पाच वर्षांत ४०० शाखा उघडाव्यात असे ठरवले. सुट्टीत चामराजपेटेतल्या घरी गेलो की आजीचे पासबुक भरून आणायचे काम माझ्याकडे असते. त्या पासबुकावरचे स्टेट बँक हे नाव १ जुलै १९५५ पासूनचे आहे.

१९५६ च्या जानेवारीत मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवून केंद्राच्या ताब्यात देण्याचा निर्णय जाहीर झाला. मुंबईत गोळीबार होऊन माणसे मेली. देशमुख कुलाब्यातून निवडून आलेले. त्यांना हा निर्णय आणि तो घेण्याची पद्धत अन्यायाची वाटली. त्यांनी अर्थमंत्रिपद सोडले आणि जुलैमध्ये लोकसभेत उभे राहून कारणे सांगितली.

आम्हाला इथे आज्ञा पाळायला शिकवतात. मग देशमुखांनी शिस्त मोडली का? मला तसे वाटत नाही. खुर्चीवर बसून त्यांनी आतून विरोध केला नाही. आधी खुर्ची सोडली, मग उघड बोलले. मुंबईसह महाराष्ट्र झाला तो १ मे १९६० रोजी. तोपर्यंत देशमुख विद्यापीठ अनुदान आयोगाचे काम पाहू लागले होते. पद गेले, पण देशाची सेवा थांबली नाही. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबादेत त्यांचे निधन झाले.

उद्या आपल्या खांद्यावर पद येईल. ते मिळवण्याची तयारी आपण रोज पहाटे करतो. ते सोडण्याची वेळ आली तर काय करायचे, हे देशमुखांकडून शिकावे.