फातेमा इस्माईल

अपंग मुलांच्या हक्कांचा इतिहास सांगताना बहुधा कायद्यांपासून सुरुवात करतात. मला तो एका आईपासून सुरू करावासा वाटतो.

फातेमा इस्माईल यांचा जन्म १९०३ मध्ये मुंबईत झाला. माहेर सोबानी, गिरण्या आणि कापसाच्या व्यापारातले नावाजलेले घराणे. थोरले बंधू उमर सोबानी होमरूल चळवळीतले. शंकरलाल बँकर आणि ते मिळून जे 'यंग इंडिया' चालवीत, ते १९१९ मध्ये गांधीजींच्या हाती आले. फातेमाबाई औषधशास्त्र शिकायला व्हिएन्नाला गेल्या, पण घरचा धंदा बुडाला आणि अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. पुढे विवाह झाला, महिला परिषदेचे काम सुरू झाले. १९४२ च्या आंदोलनात भूमिगत अरुणा असफ अलींना त्यांनी आपल्या घरात आसरा दिला. चरित्र इथेच थांबले असते, तर स्वातंत्र्यलढ्याच्या एखाद्या पुस्तकात दोन ओळी मिळाल्या असत्या, इतकेच.

त्यांची मुलगी तीनेक वर्षांची असताना तिला पोलिओ झाला. तेव्हा लस नव्हती. सॉल्कची लस १९५५ ची. पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतल्या स्नायू हलवणाऱ्या पेशी मारतो. ताप दोन-चार दिवसांत उतरतो, खरे संकट त्यानंतरचे. कमकुवत स्नायू वापरला नाही की वाळतो, शेजारचा बळकट स्नायू हाडाला आपल्याकडे ओढतो आणि सांधा वाकडा होऊन बसतो. ते टाळायचे तर महिनोन् महिने रोज व्यायाम, पट्ट्या आणि पुढे कॅलिपर. एवढे सगळे एका ठिकाणी, गरिबाला परवडेल असे, मुंबईत तेव्हा कुठे होते? बाई मुलीला घेऊन मद्रासला डॉ. एम. जी. किनी यांच्याकडे गेल्या. नंतर पुण्यात युद्धात जखमी झालेल्या सैनिकांवर व्यायामोपचार चालत, तिथे जाऊन ते उपचार त्यांनी जवळून पाहिले, शिकून घेतले.

मला या चरित्रात सर्वांत मोठी वाटते ती यापुढची गोष्ट. मुलगी सुधारू लागल्यावर देवाचे आभार मानून घरी बसता आले असते. पण मद्रासला जाऊन राहायला जो पैसा आणि सवड लागते, ती आपल्याकडे होती, इतर आयांकडे नाही, हे त्यांनी ओळखले. १९४७ च्या मे महिन्यात, स्वातंत्र्य तीन महिन्यांवर असताना, डॉ. ए. व्ही. बाळिगा यांच्या साहाय्याने त्यांनी मुंबईत पोलिओचा दवाखाना उघडला. त्यातूनच अपंग मुलांच्या पुनर्वसनाची संस्था उभी राहिली आणि पुढे हाजीअलीला, जुन्या लष्करी बराकींत, मुलांचे अस्थिरुग्णालय झाले. संस्थेच्या इंग्रजी नावातला 'क्रिपल्ड' हा शब्द आज कानाला खटकतो. पण तेव्हाचा मराठी शब्द 'पांगळा' काय कमी कठोर होता!

आता भांडुपचा वाचक अंतर मोजणारच. टेकडीवरच्या घरातून मूल कडेवर घेऊन पायऱ्या उतरायच्या, स्टेशन गाठायचे, दादरला गाडी बदलून महालक्ष्मी; आणि हे पुन्हा पुन्हा, कारण व्यायाम चुकला की पाय पुन्हा आखडतो. प्रत्येक खेपेला कारखान्यातला एक खाडा. उपचार फुकट असले तरी खाड्याचे पैसे कोण देणार? आणि या सगळ्या धावपळीत मुलाची शाळा सुटते, ती सुटतेच.

मूल उभे राहिले, मोठे झाले, मग पुढे काय? या प्रश्नातून फातेमाबाईंनी 'फेलोशिप ऑफ द फिजिकली हँडिकॅप्ड' ही संस्था काढली. प्रौढ अपंगांना कामाचे शिक्षण आणि त्या कामाची मजुरी, दान नव्हे. त्या पिढीचे बहुतेक काम वेगळ्या संस्था उभारण्याचे होते. मुलाने शेजारच्याच शाळेत, शेजारच्या मुलांबरोबर बसावे, या विचाराला सरकारी योजनेचे रूप यायला १९७४ साल उजाडले. ही त्या पिढीची मर्यादा मला दिसते, पण दोष द्यावासा वाटत नाही. ज्या मुलाला बाकावर बसताच येत नाही, त्याला आधी बसते करणे भाग होते.

१९५८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १९७८ ते १९८४ त्या राज्यसभेच्या राष्ट्रपतिनियुक्त सदस्य होत्या. १९८१ चे आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष त्याच काळातले. १९८७ मध्ये त्यांचे निधन झाले. अपंगांच्या समान संधीचा पहिला कायदा त्यानंतर आठ वर्षांनी, १९९५ मध्ये झाला. २०१६ च्या कायद्याने ठरावीक प्रमाणापेक्षा अधिक अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलांना जवळच्या शाळेत, किंवा पसंतीच्या विशेष शाळेत, मोफत शिक्षणाचा हक्क दिला. नैसर्गिक (वन्य) विषाणूमुळे झालेल्या पोलिओचा देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावडा जिल्ह्यात सापडला. ती दोन वर्षांची मुलगी होती.