बर्कले यांनी आधी कागदावर चढवलेली गाडी

उंबरमाळी सोडून कसाऱ्याला पोहोचलेल्या लांब पल्ल्याच्या गाडीपुढे थळ घाटाची, म्हणजेच आजच्या कसारा घाटाची, खडी चढण उभी असते. या चढणीचा आराखडा करणारे जेम्स जॉन बर्कले यांना मात्र घाटातून धावणारी गाडी पाहण्याचे भाग्य लाभले नाही.

लंडनमध्ये १८१९ साली जन्मलेले बर्कले विख्यात अभियंते रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या हाताखाली तयार झाले. १८५० च्या प्रारंभी ते ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंता म्हणून मुंबईत दाखल झाले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, तरी सह्याद्रीचा प्रश्न शिल्लकच होता.

आज नवे यंत्र घडवण्यापूर्वी ते संगणकावर सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये चालवून पाहिले जाते आणि दोष पडद्यावरच उघडे पडतात. बर्कले यांच्या हाती होती मोजणीची उपकरणे, नकाशे आणि आकडेमोड. वाफेचे इंजिन किती चढ पेलील, उतारावर गाडी आवरेल काय, याचा निवाडा रूळ पडण्यापूर्वीच करणे भाग होते. मुरबाडच्या बाजूने माळशेज घाट चढण्याची आधीची कल्पना याच पाहण्यांनंतर मागे पडली. थळ आणि बोर हे दोन घाट निश्चित झाले.

थळ घाटात सुमारे सव्वानऊ मैलांत ९७२ फूट उंची गाठायची होती. सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांना एक फूट असा ठरला. वळणाला जागा नव्हती तेथे गाडी थांबवून, इंजिन दुसऱ्या टोकाला जोडून, उलट दिशेने वर नेणारे रिव्हर्सिंग स्टेशन योजण्यात आले. बोगदे आणि उंच पूल उभारताना अनेक मजुरांनी कॉलऱ्याने प्राण गमावले. ती किंमत कोणत्याही आराखड्यात मांडलेली नव्हती.

प्रकृती ढासळल्याने बर्कले मायदेशी परतले आणि ऑगस्ट १८६२ मध्ये, वयाच्या अवघ्या ४२ व्या वर्षी निवर्तले. बोर घाट १८६३ मध्ये आणि कसारा ते इगतपुरी मार्ग १ जानेवारी १८६५ रोजी खुला झाला. १८६७ मध्ये बोर घाटातील एक पूल सदोष बांधकामामुळे कोसळला. कागदावरचे गणित अचूक असले, तरी दगडचुन्याची पारख जागेवरच करावी लागते, हा धडा त्यातून मिळाला.

रिव्हर्सिंग स्टेशन पुढे इतिहासजमा झाले. चढणीचे ते प्रमाण मात्र आजही कायम आहे आणि कसाऱ्याला अनेक गाड्यांना मागून जोर देणारी बँकर इंजिने जोडावी लागतात.