आरमारप्रमुख यामामोतो

जपानमधील होन्शू बेटावर नागाओका नावाचे नगर आहे. तेथे हिवाळ्यात विपुल बर्फ पडते. या नगरात ४ एप्रिल १८८४ रोजी एका सामुराई घराण्यात इसोरोकु यांचा जन्म झाला. त्या वेळी वडिलांचे वय ५६ वर्षांचे होते. म्हणून त्यांनी मुलाचे नाव इसोरोकु, म्हणजे 'छप्पन्न' असे ठेवले. पुढे इसोरोकु यामामोतो घराण्यात दत्तक गेले आणि याच आडनावाने प्रसिद्धीस आले.

१९०४ साली नौदल विद्यालयातील शिक्षण पूर्ण करून ते आरमारात दाखल झाले. दुसऱ्याच वर्षी रशियाविरुद्ध त्सुशिमा येथे घनघोर आरमारी युद्ध झाले. त्यात तरुण यामामोतोंच्या डाव्या हाताची दोन बोटे तुटली. परंतु सागराची सेवा त्यांनी सोडली नाही.

१९१९ ते १९२१ या काळात ते अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात शिकले. त्या देशातील तेलविहिरी आणि प्रचंड कारखाने यांचा त्यांच्या मनावर खोल ठसा उमटला. अशा देशाशी दीर्घकाळ लढणे जपानला झेपणार नाही, हे त्यांनी ओळखले. यापुढील सागरी युद्धांत विमानांनाच महत्त्व येणार, हेही त्यांनी जाणले आणि चाळिशीत ते स्वतः विमानविद्या शिकले.

१९३६ साली ते नौदल खात्याचे उपमंत्री झाले. जर्मनी व इटली यांच्याशी लष्करी करार करण्यास त्यांनी कडाडून विरोध केला. त्यामुळे युद्धपिपासू लोक खवळले व त्यांना जिवे मारण्याच्या धमक्या येऊ लागल्या. तरीही त्यांनी आपले मत बदलले नाही. ऑगस्ट १९३९ मध्ये संयुक्त आरमाराचे प्रमुख म्हणून त्यांची नेमणूक झाली. १९४० मध्ये तो करार झालाच. अमेरिकेशी युद्ध झाल्यास आपण सहा महिने किंवा फार तर वर्षभर जोराने लढू, पुढची खात्री नाही, असे त्यांनी पंतप्रधानांना स्पष्ट बजावले.

परंतु सरकारने युद्धाचाच मार्ग धरला. तेव्हा आज्ञापालन हे सैनिकाचे कर्तव्य मानून यामामोतोंनी पर्ल हार्बरवरील हल्ल्याची योजना आखली. ७ डिसेंबर १९४१ रोजी सहा विमानवाहू जहाजांवरून उडालेल्या विमानांनी त्या बंदरावर अचानक बाँबवर्षाव केला. युद्धाची सूचना अमेरिकेस मिळण्यापूर्वीच सुमारे २,४०० माणसे प्राणास मुकली. साऱ्या अमेरिकेत संतापाची लाट उसळली.

बरोबर सहा महिन्यांनी, जून १९४२ मध्ये, मिडवे बेटाजवळ जपानची चार विमानवाहू जहाजे बुडाली. जपानी आरमाराची सांकेतिक लिपी अमेरिकेने उलगडली होती. त्याच लिपीतील संदेशावरून यामामोतोंच्या प्रवासाची वेळही शत्रूला कळली. १८ एप्रिल १९४३ रोजी बूगनव्हिल बेटावर त्यांचे विमान पाडण्यात आले व त्यांचा अंत झाला.

१९४५ साली जपानचा संपूर्ण पराभव झाला. ज्या युद्धाचा शेवट यामामोतोंना आधीच दिसला होता, त्याच युद्धाचा आरंभ त्यांच्या हातून व्हावा, ही केवढी शोकांतिका!