५३-एन : एका बाटलीचा नंबर आणि हाफकिन यांचं आयुष्य



मागे माझ्या मुलीचं रक्त तपासायला नेलं होतं. नळीवर काळ्या रेघांची चिकटपट्टी लावलेली पाहून तिने विचारलं, बिस्किटाच्या पुड्यावर असतं तसं हे इथे कशाला? तिला उत्तर देताना मला हाफकिन आठवले. मुंबईत परळला त्यांच्या नावाची संस्था आहे. नाव सगळ्यांना माहीत असतं, पण गोष्ट फार थोड्यांना.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १८६० साली ओडेसा शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. तेव्हा ते शहर रशियन साम्राज्यात होतं. विद्यापीठात ते मेचनिकॉफ या मोठ्या शास्त्रज्ञाचे विद्यार्थी होते. पण ज्यू असल्यामुळे तिथे पुढे जाण्याची वाट बंद होती. जिनिव्हामार्गे ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत पोचले आणि सुरुवातीला चक्क ग्रंथालयात काम करू लागले. तिथेच त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि १८९२ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढच्याच वर्षी ते भारतात आले आणि कलकत्ता व उत्तर भारतात हजारो लोकांना ती लस दिली.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली. सरकारने हाफकिन यांना बोलावलं. ग्रँट मेडिकल कॉलेजात एक छोटी खोली, मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई, एवढंच मिळालं. तरी अवघ्या तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी तीही त्यांनी आधी स्वतःलाच टोचली. ताप आला, अंग दुखलं, पण ते बरे झाले. मग भायखळ्याच्या तुरुंगात स्वतःहून पुढे आलेल्या कैद्यांना लस दिली गेली. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली.

आणि मग १९०२ चा ऑक्टोबर उजाडला. पंजाबातल्या मुल्कोवाल गावात (आज ते पाकिस्तानात आहे) एका दिवशी १०७ जणांना लस टोचली. त्यातले १९ जण धनुर्वाताने दगावले. हाहाकार झाला. लसच विषारी आहे, असं लोक म्हणू लागले.

पण एक गोष्ट नीट नोंदवलेली होती. परळहून निघालेल्या प्रत्येक बाटलीवर नंबर होता, आणि कोणत्या बाटलीतून कुणाला टोचलं हे शोधता आलं. दगावलेल्या १९ जणांना एकाच बाटलीतून लस दिली होती. तिचा नंबर ५३-एन. बाकीच्या ८८ जणांना काहीच झालं नाही. म्हणजे दोष सगळ्या लसीत नव्हता, एका बाटलीत होता.

तरी खरा प्रश्न उरलाच. त्या बाटलीत जंतू शिरले कुठे? परळला भरताना, की गावात उघडताना? हे नंबर सांगू शकत नव्हता. चौकशीत ठपका परळच्या प्रयोगशाळेवर आला. हाफकिन यांना पदावरून दूर व्हावं लागलं आणि ते इंग्लंडला गेले. पुढे कागदपत्रं पुन्हा तपासली, तेव्हा एक साधी गोष्ट महत्त्वाची ठरली. गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला होता. रोनाल्ड रॉस यांच्यासारखे शास्त्रज्ञ त्यांच्या बाजूने उभे राहिले. १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. पण त्यात पाच वर्षं गेली! ते पुन्हा भारतात आले, मात्र मुंबईत नाही, कलकत्त्याला. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचं नाव दिलं गेलं. १९३० मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरी त्यांचं निधन झालं.

आता मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. त्या काळ्या रेघा म्हणजे बारकोड, यंत्राला वाचता येणारा नंबर. संशोधनाच्या प्रयोगशाळेत हजारो नळ्या असतात, काही उणे ८० अंशाच्या फ्रीजरमध्ये वर्षानुवर्षं ठेवतात. हाताने लिहिलेलं नाव पुसतं, ४ चा ९ होतो. बारकोड मात्र प्रत्येक टप्प्यावर स्कॅन होतो. नळी कुणी घेतली, कधी उघडली, कोणत्या खणात ठेवली, हे संगणकात नोंदलं जातं. ५३-एनच्या वेळी नेमकी हीच साखळी अपुरी होती. पण लक्षात ठेवा, चिमटा पडला हे बारकोडही आपणहून सांगत नाही. ते माणसालाच प्रामाणिकपणे लिहावं लागतं.

वर्गात एक उपक्रम करून बघा. कुंड्यांत मटकी पेरा, प्रत्येक कुंडीला नंबर द्या आणि पाणी कुणी, कधी घातलं ते वहीत लिहायला सांगा. एखादं रोप सुकलं की कुणालाही रागावू नका. आधी वही उघडा.