सांगणारी बाई : हंसा वाडकर

(बी. ए. भाग दोनमधील एक विद्यार्थिनी, वाशीम)

दारूच्या गोष्टी आपल्या भाषेत पुष्कळ आहेत. कीर्तनात आहेत, नाटकात आहेत, तमाशाच्या वगात आहेत. आमच्या वऱ्हाडात तर गाडगेबाबांचे चरित्रच दारूपासून सुरू होते. त्यांचे वडील झिंगराजी दारूपायी गेले, घर उघडे पडले आणि लहानगा डेबूजी आईबरोबर मामाच्या गावी, दापुऱ्याला आला. पुढे बाबांनी जन्मभर दिवसा गाव झाडले आणि रात्री कीर्तनातून लोकांना दारू सोडायला सांगितले. नाटकाचे म्हणाल तर राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ सर्वांना ठाऊक आहे. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी आपल्या विदर्भातच, सावनेरला वारले आणि महिनाभराच्या आत ते नाटक रंगभूमीवर आले. बालगंधर्वांच्या सिंधूने त्या काळच्या प्रेक्षकांना रडवले.

या सर्व गोष्टींत एक गोष्ट सारखी आहे. प्याला पुरुषाच्या हातात असतो आणि पदर बाईच्या डोळ्यांना असतो. शिवाय ज्याने प्याला धरला त्याची गोष्ट दुसराच कोणी सांगतो. कीर्तनकार सांगतो, नाटककार सांगतो, शेजारी सांगतात. तो स्वतः सांगत नाही.

मराठीत एका बाईने ही रीत मोडली. तिने स्वतःच्या हातातल्या प्याल्याची गोष्ट स्वतःच्या तोंडाने सांगितली. ती बाई म्हणजे अभिनेत्री हंसा वाडकर आणि ती गोष्ट म्हणजे त्यांचे आत्मकथन ‘सांगत्ये ऐका’.

माझ्या आजीला हे नाव चांगले माहीत आहे. यात्रेतल्या तंबूत तिने त्यांचा सिनेमा पाहिला होता. पण बाईंनी पुस्तकही केले हे तिला माहीत नव्हते. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. त्यामुळे ते पुस्तक आमच्या घरी आले तेही माझ्याच हातून, महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून.

हंसाबाईंचे मूळ नाव रतन भालचंद्र साळगावकर. जन्म २४ जानेवारी १९२३ रोजी मुंबईला. घराचे नाते कलावंतिणींच्या घराण्याशी होते. गाणे होते, नाच होता, मात्र पैसा टिकत नव्हता. वडिलांना दारूचे व्यसन होते. म्हणजे रतनने दारू प्रथम पाहिली ती मुलगी म्हणून, दुसऱ्याच्या हातात. शाळा सुटली आणि ज्या वयात आपण आठवी-नववीत असतो त्या वयात ती कमावती झाली. १९३६ साली ‘विजयाची लग्ने’ या चित्रपटातून तिने पदार्पण केले. रतनची हंसा वाडकर झाली आणि घराचा भार तिच्या खांद्यावर आला.

पुढची वाटचाल थोडक्यात सांगते. बॉम्बे टॉकीजच्या हिंदी चित्रपटांतून त्या पुण्याच्या प्रभातमध्ये आल्या. १९४१ साली ‘संत सखू’मध्ये त्यांनी सखूची भूमिका केली. पंढरीची ओढ लागलेली, सासरी छळ सोसणारी ती सखू! १९४७ साली ‘लोकशाहीर रामजोशी’ आला. जयराम शिलेदार रामजोशी झाले आणि हंसाबाई तमासगिरीण बया झाल्या. १९५० साली ‘पुढचं पाऊल’मध्ये पु. ल. देशपांडे त्यांच्याबरोबर होते. १९५९ साली अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ झळकला आणि पुण्याच्या विजयानंद थिएटरात तो अडीच वर्षांच्या आसपास चालला. तमाशाप्रधान मराठी चित्रपटांची लाट त्याने उसळवली. खेड्यापाड्यांतल्या माणसांना हंसाबाई घरच्यासारख्या वाटू लागल्या त्या या चित्रपटांमुळे.

पडद्यावरचे आयुष्य हे असे होते. पडद्यामागचे याच्या अगदी उलट होते. वयाच्या पंधराव्या वर्षाच्या आसपास त्यांचे लग्न जगन्नाथ बांदरकर यांच्याशी झाले. हंसाबाईंना घर हवे होते, मुलेबाळे हवी होती, स्वतःच्या हाताने चूल सांभाळायची होती. पण त्यांच्या मिळकतीवर घर चालत होते, म्हणून त्यांनी सिनेमा सोडणे कोणाला परवडत नव्हते. संशय, भांडणे, मार, पुन्हा चित्रीकरण, असे चक्र सुरू झाले. एकदा त्या घर सोडून निघाल्या आणि मराठवाड्यातल्या एका गावी, आधीच संसार असलेल्या एका माणसाच्या वाड्यात जाऊन राहिल्या. तिथे घर मिळाले, परंतु उंबरठ्याबाहेर पाऊल टाकायची मुभा नव्हती. ज्याला सोडून आल्या होत्या त्या नवऱ्यालाच शेवटी निरोप पाठवावा लागला. त्या सुटकेच्या वेळी कायद्याच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाने आपल्यावर अत्याचार केला, हेही त्यांनी सांगितले आहे.

या सगळ्याच्या सोबतीला दारू होती. वडिलांच्या हातातला प्याला आता लेकीच्या हातात आला होता. एक गंमत पाहा. १९४९ साली मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा झाला. हंसाबाईंच्या यशाची वर्षे ती हीच. म्हणजे ज्या मुंबईत कायद्याने दारू नव्हती, त्या मुंबईतच हे व्यसन पोसले गेले. आजही आपण तेच पाहतो. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली दारूबंदी झाली आणि २०२१ साली उठली. कायदा येतो आणि जातो. माणूस का पितो, हे कायद्याला विचारता येत नाही.

ते विचारले एका तरुण पत्रकाराने. पुण्याच्या ‘माणूस’ या नियतकालिकासाठी १९६६ साली अरुण साधू हंसाबाईंसमोर बसले. बाई बोलत गेल्या आणि साधूंनी ते शब्दांत उतरवले. साधू त्या वेळी पंचविशीत होते. पुढे ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ लिहून ते मोठे कादंबरीकार झाले, २००७ साली नागपूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षही झाले. त्यांचा जन्म परतवाड्याचा, म्हणजे ते आपल्याच वऱ्हाडातले, याचा मला विशेष आनंद होतो. १९७० साली राजहंस प्रकाशनाने त्याचे पुस्तक केले. नाव चित्रपटाचेच ठेवले.

या पुस्तकात मला सर्वांत मोठे काय वाटले? बाईंनी दुःख सांगितले हे तर आहेच. पण स्वतःचा हट्टी, आततायी स्वभावही त्यांनी झाकला नाही. दारूचे खापर फक्त नवऱ्यावर किंवा फक्त नशिबावर फोडून मोकळे होणे त्यांना सोपे होते. ‘एकच प्याला’तल्या सिंधूचे आपण किती कौतुक करतो, कारण ती निर्दोष आहे. हंसाबाई निर्दोष असल्याचा आव आणत नाहीत. त्यामुळे त्यांच्यासाठी रडणे सोपे नाही. त्यांचे ऐकावे लागते.

काहींना हे आवडत नाही. आमच्या मैत्रिणींमध्ये चर्चा झाली तेव्हा एकीने विचारले की, घरची लक्तरे अशी वेशीवर टांगून काय मिळवले? प्रश्न खरा आहे. त्याचे उत्तर मला पुस्तकाइतकेच आमच्या घरातही सापडले.

माझे काका कावीळ होऊन वारले, असे आम्ही सर्वांना सांगतो. तेरवीला आलेल्या पाहुण्यांना तेच सांगितले. कावीळ झाली होती हे खोटे नाही. पण त्या आधीची दहा वर्षे कोणी सांगत नाही. हंगामाचे पैसे हाती आले की काका दोन-दोन दिवस घरी येत नसत, हे सर्व गावाला माहीत होते. फक्त त्याविषयी बोलायचे नाही, असे ठरलेले होते. काकू आज लोकांच्या वावरात सोयाबीन सोंगायला जाते. हा लेख लिहिण्याआधी मी तिची परवानगी घेतली. ती बराच वेळ गप्प राहिली. मग लिही म्हणाली, मात्र नाव घालू नको एवढे बजावले. काका का पीत होते, हे तिलाही माहीत नाही. त्यांना तसे कोणी विचारलेच नव्हते. रागावले सगळे, शपथा घातल्या सगळ्यांनी. समोर बसून ऐकले कोणी नाही.

आता जगभर मान्य झाले आहे की व्यसनातून बाहेर पडण्याची पहिली पायरी म्हणजे ते आपल्या तोंडाने कबूल करणे. अमेरिकेत १९३५ साली ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ सुरू झाली. तिच्या सभेत माणूस उभा राहतो आणि आपली गोष्ट आपण सांगतो. बाकीचे मध्ये न बोलता ऐकतात. पुण्यात डॉ. सुनंदा अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली ‘मुक्तांगण’ सुरू केले. तिथेही माणसाला बोलते करण्याला मोठे मोल आहे. हंसाबाई बोलल्या त्याच्या वीस वर्षे आधी. त्यांच्यासमोर अशी सभा नव्हती. होता तो फक्त एक तरुण लेखणी घेऊन बसलेला.

सांगितल्यामुळे हंसाबाईंचे आयुष्य लांबले नाही. पुस्तक आल्यानंतर पुढच्याच वर्षी, २३ ऑगस्ट १९७१ रोजी, वयाच्या अवघ्या अठ्ठेचाळीसाव्या वर्षी त्या गेल्या. पण गोष्ट मागे राहिली. १९७७ साली श्याम बेनेगल यांनी तिच्या आधारे ‘भूमिका’ हा चित्रपट काढला आणि त्यातल्या अभिनयासाठी स्मिता पाटील यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०१३ साली पुस्तकाचा इंग्रजी अनुवादही झाला.

हंसाबाईंच्या पुस्तकाच्या नावात दोन शब्द आहेत. पहिला शब्द त्यांनी स्वतः पुरा केला, आणि त्याची पुरेपूर किंमत मोजली. दुसरा शब्द आपल्यासाठी आहे. गावोगावी, घरोघरी, कोणी न विचारल्यामुळे न सांगितलेल्या अशा किती गोष्टी असतील! दारूबंदीच्या मोर्चात आपण जरूर जावे, घोषणा जरूर द्याव्यात. पण त्यासोबत एखाद्या पिणाऱ्या माणसाजवळ, तो शुद्धीवर असताना, घटकाभर बसून ऐकले तर ‘ऐका’ म्हणणाऱ्या या बाईंना तीच खरी आदरांजली ठरेल.